चाकानं दम येत नाई

राजेहो, जगदेव कुंभाराच्या आंगनात मडके घ्यायले लोक येवो न येवो, इहिरीतून काढलेला मानूस आला की गाव जमे. त्याची बायको भागिरथा या गोष्टीनं पार कावून गेलती. आंगन सारवून हात धुवाव, तं चार जन पयत येत आन् वला मुडदा तिच्या सारवनावर आनून टाकत.

"लोकाईच्या घरी पाहुने येतेत," ती म्हने, "आन् माया घरी बुडालेले येतेत. सांगा, त्याईले चहा ठेवू का?"

गोष्ट अशी होती. मानोऱ्याकडल्या आमच्या बोरखडीत कोनी पान्यात बुडालं, की त्याले पयले कुंभाराच्या चाकावर आनत. दगडी चाक, चांगलं बैलबंडीच्या चाकाएवढं. त्यावर त्याले पालथं टाकत, हातपाय लोंबते, आन् जगदेव काठी लावून चाक फिरवे. गरगर गरगर. नाकातोंडातून पानी आलं की लोक वरडत, "निंगालं! निंगालं!" पानी निंगे. मानूस काई उठत नसे.

एक जन उठला होता, खोटं कायले बोला. जगदेवच्या बापाच्या काळात. पन तो वाचलेला बुढा पंचवीस वर्स पारावर बसून चाकाची तारीफ करत राह्यला, आन् जे मेले ते काई सांगायले आले नाईत. म्हनून चाकाची इज्जत वाढत गेली.

आन् इज्जत आली की इटाळ आलाच. बौद्धपुऱ्यातल्या मानसाले ते चाक नव्हतं. धर्म बदलून दहा-बारा वर्स झाले होते त्या लोकाईले, कायदाही झाला होता, पन चाकाले कायदा कोन सांगते? पुऱ्यातल्या पंचफुलाचा मालक, म्हंजे नवरा, डोहात बुडाला, तवा ती बंडीत त्याले घालून जगदेवच्या फाटकापाशी आली होती. जगदेवचा बाप आतून, खाटेवरून बोल्ला, "सांग तिले, चाक बाटन." जगदेव तवा सत्तावीस वर्साचा गडी. तो फाटकापाशी गेला आन् खाली पाहून बोल्ला, "नाई होत, मावशे."

पंचफुला रडली नाई, भांडली नाई. तिनं बंडी वळवली. तवापासून ती जगदेवच्या दारावरून जाताना पदर दुसऱ्या बाजूले घेई.

दोन वर्साईनं जगदेवची बहीन बुडाली.

प्रयाग तिचं नाव. अखाजीले, अक्षय तृतीयेच्या सनाले, माहेरी आलती. अखाजी म्हंजे कुंभाराची खरी सुगी, घरोघरी नवे करे, म्हंजे लहान मडके, लागतेत. म्हनून ती दरवर्सी भावाच्या मदतीले चार दिवस आंदीच येई. माती तुडवायले तिच्यासारखी कोनी नव्हती. लुगडं खोसून चिखलात उभी राहे आन् तोंड सुरू. "दादा, तुया मडक्याचं तोंड पाय जरा, तुयासारखंच वाकडं हाय!" आन् जगदेव म्हने, "तुले देल्लं त्या घरी असेच मडके शोभतेत." हसत हसत दिवस जाये.

इहिरीवर पान्याले गेली आन् पाय घसरला. तिले आनलं, तिच्याच घरच्या चाकावर घातलं, आन् फिरवायले सख्खा भाऊ. जगदेव तिचा हात सरळ करून राह्यला होता, तवा तिच्या बोटानं त्याची करंगळी धरली. धरली म्हंजे, धरल्यासारखं वाटलं. जगदेवले वाटलं, चाकाचा गुन आला! त्यानं काठी लावली आन् जिवाच्या आकांतानं फिरवलं. चाक थांबलं तवा बोट सुटलेलं होतं.

ते बोट मंग त्याच्या जिवाले लागलं ते लागलंच. मातीत हात घाले, तं करंगळी तिथंच थांबे. अखाजी जवळ आली की तो उगाच वाटेकडं पाहे. आता येईन, आता चिखलात उभी राहीन, मडक्याले नावं ठेवीन. घरात कोनी तिचं नाव घेत नव्हतं, आन् जगदेवले तं वाटे कोनी घ्याव. तिचं बोट खरंच हाललं होतं का? ती जिती होती का? मंग म्या काय केलं? हे इचारावं तरी कोनाले? मानसाची याद अशी असते राजेहो, गेलेलं मानूस परत मांगत नाई ती, एक उत्तर मांगते फक्त.

नऊ वर्स असेच गेले. मंग अठ्ठ्याहत्तर सालच्या सुरवातीले गावात सरकारी मानूस आला. म्हने, दवाखाना लांब हाय, गावागावात एक जन तयार करतो, तीन महिने शिकवतो. जखम बांधनं, मोडलेलं हाड सांभाळनं, उन्हाची लू लागली, इंचू चावला, कोनी बुडालं तं दवाखान्यात पोचेपर्यंत जीव कसा राखावा ते.

पारावर सभा झाली. सरपंच दौलतराव पाटील मिशीवर हात फिरवत बोल्ले, "त्याच्यात इचार कायचा? आपला जगद्याच जाईन! मुडदे जिते करनारा मानूस हाय आपला."

लोक हसले. जगदेव पाचवी शिकला होता, तेवढं बस होतं. समद्याईले वाटलं, तो मागं सरन. तो चटकन उभा राह्यला. "जातो मी."

घरी भागिरथा तडकली. "अखाजी तोंडावर येऊन राह्यली, आन् हे शाळेत चालले! मडके काय मी पायानं करू?"

"एक गोष्ट इचारून येतो."

"तीन महिन्याची एक गोष्ट?"

"हाव."

भागिरथानं त्याच्याकडं पाह्यलं. तिले कळलं कोनती गोष्ट. मंग तिनं चार भाकरी जास्त बांधून देल्या.

मानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात अंजनाबाई म्हनून नर्स होत्या, त्या शिकवत. सुकलेल्या, सावळ्या, चाळिशीच्या. आवाज असा कडक की ऐकूनच अर्धा ताप उतरे. गावोगावचे बारा जन शिकायले आलते. सरपंचाईचे भाचे, पुतने, एक तं नुसता दुपारी झोपायले येई. आन् एक होता देवमन, शेजारच्या गावच्या बौद्धपुऱ्यातला, तोंडाचा मोठा फटकळ. जगदेवची आन् त्याची जोडी लागली.

जगदेव झपाटल्यासारखा शिकला. पट्टी बांधे तं मडक्याच्या गळ्यासारखी गोल, एक सुरकुती नाई. रक्त वाहत असलं तं कुठं दाबाव, हे त्यानं एकदा आयकलं ते पाठ. रामनवमीच्या यात्रेले अंजनाबाईनं समद्याईले पोहरादेवीले नेलं, उन्हानं पडलेले लोक सांभाळायले. तथी तो दोन दिवस बसला नाई. पन आपला सवाल मात्र काई त्याच्या तोंडातून निंगेना. रोज वाटे आज इचारतो, आन् रोज तो पट्ट्या गुंडाळत बसे.

मंग एक दिवस बाईनं दमाचा धडा घेतला. बुडालेल्याचं तोंड साफ करा. मान मागं टाका, हनुवटी वर करा. नाक चिमटा. आपलं तोंड त्याच्या तोंडावर लावा आन् फुंका, छाती वर आली पाह्यजे. पाचपर्यंत मोजा, पुन्हा फुंका.

"आता जोडीनं करा," बाई बोल्ल्या. देवमन चटकन चटईवर आडवा झाला.

जगदेव उभाच.

"काय झालं, जगदेवभाऊ?"

"बाई, मी फुंकनीनं फुंकतो ना. तिचं एक टोक त्याच्या तोंडात, एक माया."

चटईवरून देवमन बोल्ला, "काहून बाप्पा? मी काय चुलीतली गोवरी हाय?"

पोट धरधरून लोक हसले. जगदेवचे कान लाल झाले. बाई नाई हसल्या. 

जगदेवनं काय केलं, तं सुट्टीत घरी जाऊन मातीचं डोकं बनवलं. नाक, तोंड, मान, समदं बरोबर. गळ्याखाली रबराचा फुगा बांधला. तोंडात फुंकलं की फुगा वर येई. असं कारागिरीचं काम, की दवाखान्यातले डाक्टर पाहायले आले. त्या डोक्यावर जगदेव दिवसभर फुंके. मोजून, बरोबर.

अंजनाबाईनं ते डोकं हातात घेतलं, फिरवून फिरवून पाह्यलं. "लय भारी केलं, भाऊ. मी बारा वर्स नोकरी केली, असं पाह्यलं नाई." मंग त्या हळू बोल्ल्या, "मातीचं तोंड तुमाले चालते. मानसाचं नाई चालत."

"तसं नाई बाई… आमच्यात उष्टं…"

"उष्टं? अठी बारा जन बसले एका खोलीत. तुमी सोडलेली हवा देवमन ओढून राह्यला, त्यानं सोडलेली तुमी. सकाळपासून समदे उष्टं खाऊन राह्यले. बाटलं का कोनी?"

आन् कोन जाने कसं, त्याच वेळी जगदेवच्या तोंडातून तो सवाल निंगाला. चाक, प्रयाग, करंगळी. नऊ वर्साचं समदं एका दमात बोल्ला तो. शेवटी म्हने, "बाई, ती जिती होती का?"

देवमननं मान खाली घातली.

अंजनाबाईले खोटं सांगता आलं असतं. त्या खाली चटईवर त्याच्यापुढं बसल्या. "मी तथी नव्हती भाऊ. पन बोटानं धरलं असन, तं जीव होता. दम नव्हता, जीव होता."

"मंग चाकानं…"

"चाकानं दम येत नाई. चाकानं वेळ जाते."

जगदेव असा रडला राजेहो, की फुगा फुटल्यासारखा. बाईनं रडू देल्लं. मंग बोल्ल्या, "आयका. तुमाले माहीत नव्हतं. जे माहीतच नव्हतं, त्याचा गुन्हा लावू नोका सोताले. पन आजपासून माहीत हाय. आता माहीत असून तोंड मागं घेतलं, तं तो गुन्हा तुमचा."

तरी त्या दिवशी जगदेवनं देवमनच्या तोंडाले तोंड लावलं नाई. हे सांगतलं पाह्यजे. कळनं आन् वळनं यात मानसाले लय वेळ लागते.

शिकून तो घरी आला. मिरगाच्या आंदी, दुपारच्या वेळी, दौलतरावच्या मळ्यातल्या इहिरीत पाइपाच्या जाळीले गाळ अडकला. तो काढायले गोविंदा उतरला. गोविंदा म्हंजे पंचफुलाचा एकुलता एक पोरगा, पंचवीस वर्साचा. शेवाळलेल्या दगडावरून पाय सुटला, डोकं कपारीले लागलं आन् तो खाली गेला. गड्याईनं उड्या घातल्या, दोरानं बांधून वर काढला. मळा गावाले लागूनच. खांद्यावर टाकून चार जन कुठं पयत सुटले? चाकाकडं!

जगदेव आंगनात मडके उन्हातून सावलीत ठेवून राह्यला होता. फाटकातून गर्दी घुसली. पुढं सोता दौलतराव, घामानं डबडबलेले. "जगद्या, घे रे त्याले चाकावर! कोनी काई म्हननार नाई. मी सरपंच सांगून राह्यलो, घे!"

आन् मागून पंचफुला आली, अनवानी, पदर जमिनीवर. अकरा वर्साईनं ती त्या फाटकात आली होती. "जगदेवा, बाप्पा, आतातरी घे! याच्या बापाले नाई घेतलं तुमी. आतातरी माया पोराले चाकावर घे रे!"

पाहा राजेहो, काय वेळ होती. जिंदगीभर ज्यानं इटाळ पाळला, तो पाटील चाक देऊन राह्यला होता. जिले जिंदगीभर नाई भेटलं, ती बाई पदर पसरून मांगत होती. समदं गाव पयल्यांदा एका बोलीनं बोलून राह्यलं होतं. आन् समदं गाव चुकत होतं!

जगदेवनं गोविंदाच्या गळ्याले दोन बोटं लावली. नाडी होती. बारीक, पन होती. छाती मात्र हालत नव्हती.

"खाली ठेवा," तो बोल्ला. "चाक नोको."

पंचफुलाच्या तोंडातून जे निंगालं ते रडनं नव्हतं. तिनं दोन्ही मुठीनं जगदेवच्या पाठीवर मारायले सुरू केलं. "पुन्हा नाई म्हनतं? पुन्हा? अरे काय बाटते तुमचं? मानूस मरून राह्यला!"

दौलतरावनं त्याच्या आंगातली बंडी धरली. "मस्ती आली का बे शिकून? फिरव म्हनतो ना!"

"पाटील, चाकानं वेळ जाते!" जगदेव असा वरडला, की पाटलाचा हात सुटला. "माया बहिनीले म्या याच हातानं मारलं! आता नाई मारत कोनाले!"

त्यानं गोविंदाले उताना टाकला. बोट घालून तोंडातला गाळ काढला. मान मागं केली, नाक चिमटलं. समोर तोंड होतं. त्यात गाळ होता, तंबाखूचा वास होता, फुटलेल्या ओठाचं रक्त होतं. तो थांबला. एक घडीभर थांबला राजेहो, मी लपवत नाई. पिढ्यानपिढ्या जे सांगत आलं होतं ते समदं त्याच्या मानेवर बसलं होतं, आन् मान खाली जात नव्हती. 

मंग ती गेली! त्यानं तोंड लावलं आन् फुंकलं.

गर्दीतून कोनी बाई किंचाळली, "अवं माय, तोंडाले तोंड लावलं!" दोन गडी पुढं सरले. तवा भागिरथा माडीच्या बल्लीएवढी काठी घेऊन मधात उभी राह्यली. "एक पाय पुढं टाकजो, मंग पायजो! माया नवरा शिकून आला हाय."

फुंक. एक, दोन, तीन, चार, पाच. फुंक. छाती वर येई, खाली जाई. सोतानं वर येत नव्हती. पंचफुलाचे हात थांबले होते. ती त्या छातीकडं पाहत होती, आन् तिच्याही ओठातून आकडे निंगून राह्यले होते. एक, दोन, तीन…

किती वेळ गेला कोनाले माहीत. जगदेवच्या डोळ्यापुढं अंधारी आली, गुडघे सोलले. दौलतराव हळूच बोल्ले, "सोड रे आता. गेला तो." जगदेवनं आयकलं नाई. फुंक.

आन् गोविंदा खोकलला!

जगदेवनं त्याले कुशीवर वळवलं. पानी, गाळ, सकाळची भाकर, समदं बाहेर आलं. मंग गोविंदानं दम ओढला, असा मोठा, खरखरीत, की तेवढा सुंदर आवाज त्या आंगनात कधी झाला नव्हता. पंचफुला पोराच्या छातीवर पडली. दौलतराव मटकन चाकाच्या कडेवर बसले, डोक्याचा फेटा काढला, आन् मंग एकदम वरडले, "ट्रॅक्टर आना बे! दवाखान्यात न्या पोराले! पाहत काय राह्यले?"

जगदेव भिंतीले टेकून बसला. त्याले हसू येत नव्हतं. एवढ्याच दमाचं काम होतं! एवढं सोपं! प्रयाग तिशीची झाली असती आता. अखाजीले आली असती.

गोविंदा दवाखान्यातून घरी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला जगदेवच्या फाटकात उभी राह्यली. भागिरथानं "ये मावशे, बस" म्हटलं. ती बसली नाई.

"एक इचारतो," ती जगदेवले बोल्ली. "खरं सांगजो. गोविंदाच्या बापाले तवा चाकावर घेतलं असतं, तं तो वाचला असता का?"

"नाई मावशे. तो एक बुढा वाचला तो आपल्या नशिबानं, चाकानं कोनीच वाचत नाई."

"अकरा वर्स मी हेच धरून बसली, का चाक भेटलं असतं तं मालक राह्यला असता." ती बोल्ली. "म्हंजे तुया नाई म्हनल्यानं तो मेला नाई."

अठी जगदेवले सुटता आलं असतं. हाव म्हटलं असतं, तं हिशेब मिटला असता. पन तो उठून तिच्यापुढं जाऊन उभा राह्यला.

"नाई मावशे, मले सोडू नोको. चाकानं कोनी वाचत नाई हे मले तवा कुठं माहीत होतं? मले तं वाटे वाचते. वाचते असं वाटत असून म्या तुले नाई म्हटलं. बहिनीच्या वेळी मी अडानी होतो. तुया वेळी मी अडानी नव्हतो, मी वाईट होतो."

पंचफुलानं त्याच्या डोळ्यात पाह्यलं. यावेळी पदर दुसरीकडं गेला नाई. 

"ते मी इसरनार नाई," ती बोल्ली. "तू माया पोरगा देल्ला, तरी ते इसरनार नाई."

"नोको इसरू."

"पन मले ते शिकव. तू एकटाच गावात. उद्या तू बाजाराले गेलता आन् कोनी बुडालं, तं?"

"शिकवतो."

"कोनावर शिकवतं?"

जगदेवनं आंगनात गोनपाट टाकलं आन् त्यावर उताना झाला. मान मागं टाकली. "मायावर."

गल्लीतले लोक फाटकात जमले. पंचफुला खाली बसली, पदर खोसला, त्याचं नाक चिमटलं आन् वाकली. कोनी किंचाळलं नाई. जगदेवनं डोळे मिटले. छातीत दुसऱ्याचा दम शिरला, गरम, चुलीच्या धुराच्या वासाचा, आन् त्याले वाटलं, नऊ वर्साईत आज पयल्यांदा पुरा श्वास घेतला.

राजेहो, बोरखडीत आज कोनी बुडालं तं आंदी दम देतेत आन् मंग दवाखाना गाठतेत. हे तुमीही शिकून घेजा, लय सोपं हाय, पाचपर्यंत मोजता आलं की झालं. पन शिकायच्या आंदी आपल्या मनाले एक गोष्ट इचारजा, का गावातलं असं कोनतं तोंड हाय, ज्याच्यापाशी माई मान खाली जानार नाई? ते तोंड सापडलं, की तथूनच शिकायले सुरू करजा.